कंपनीचं कुलूप

आमच्या सासऱ्यांनी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून शेकड्यांनी निकाल दिले असतील, पण घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकावा लागतो तो एकच. पाहुणा खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ते विचारतात, "तुमच्याकडे डीव्हीडी प्लेअर आहे का हो?" पाहुणा हो म्हणाला की संपला. नाही म्हणाला तरी संपलाच, कारण मग प्लेअर म्हणजे काय इथपासून सुरुवात होते. मी आत जाऊन चहा ठेवते आणि उकळू देते, चांगला काळा होईपर्यंत.

खटला असा होता. गावात एक मेकॅनिक होता, आणि लोक त्याच्याकडे आपापले प्लेअर आणून त्यातलं विभागाचं कुलूप काढून घ्यायचे. हे कुलूप काय असतं ते सांगते. सिनेमे विकणाऱ्या कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला एक नंबर दिला आणि एका तुकड्यात विकलेली डीव्हीडी दुसऱ्या तुकड्यातल्या प्लेअरवर चालू नये अशी आत पाचर मारून ठेवली. एकीकडे महाग विकायचं, दुसरीकडे स्वस्त विकायचं, तिसरीकडे विकायचंच नाही, हे सगळं त्यांना निवांत करता यावं म्हणून. मी शाळेत भूगोल शिकवते. तो नकाशा मी पाहिलेला आहे. कुंपणाला कुंपण लागलेले देश वेगवेगळ्या विभागांत, आणि मध्ये अख्खा खंड आडवा पडलेला असतानाही दोन टोकांचे देश एकाच विभागात. सहावीतल्या पोरानं असा नकाशा काढला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. कंपन्यांनी काढला म्हणून त्याला तंत्रज्ञान म्हणायचं.

तर प्लेअर बनवणाऱ्या कंपनीनं मेकॅनिकला कोर्टात खेचलं आणि तो नेमका आमच्या सासऱ्यांच्या पुढ्यात आला. मेकॅनिकचा वकील म्हणाला, गिऱ्हाइकानं डीव्हीडी विकत घेतलेली, प्लेअर विकत घेतलेला, कोणी काही चोरलं नाही, नक्कल केली नाही, मग गुन्हा कसला? सासऱ्यांनी निकालात लिहिलं की कुलूप ते कुलूप, ते कोणी लावलं आणि कशासाठी लावलं हे विचारायचा अधिकार उघडणाऱ्याला नाही. मेकॅनिकला दंड झाला, दुकानाला सील लागलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात सासऱ्यांचा फोटो आला. फोटोत त्यांचा चष्मा थोडा तिरका आहे. तेवढं सोडलं तर त्या फोटोबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

वरच्या कोर्टाचे न्यायमूर्ती ते कधी झाले नाहीत. पण मी मनातल्या मनात त्यांना न्यायमूर्तीच म्हणते, कारण निवृत्तीनंतर ती बढती त्यांनी घरातल्या घरात स्वतःच घेतली. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीची सुनावणी होते. पंखा कितीवर ठेवायचा, पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, मी शाळेच्या सहलीबरोबर जायचं की नाही. जेवणाच्या टेबलाशी ते मधल्या खुर्चीत बसतात, दोन्ही बाजू ऐकून घेतात, डोळे मिटतात आणि आधीच ठरवलेलं सांगतात. एकदा सांगितलं की फिरवत नाहीत. पडदे अजून करडे आहेत.

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याच्या तोंडात यांचे दोन्ही हात असले की यांना कंठ फुटतो. एरवी, आणि विशेषतः वडिलांसमोर, मिठाची गुळणी. घरात प्लेअर यांनीच आणला, तोही हौसेनं निकालातल्याच कंपनीचा. न्यायमूर्तींनी खोक्यावरचं नाव वाचलं आणि मान डोलावली. बापाला खूश करण्यात यांना आलेलं हे पहिलं यश आणि शेवटचंही.

यांना एक धाकटी बहीण होती. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीच ती घरातून गेली होती, त्यामुळे मी तिला फोटोतच पाहिलं. सासूबाई तिला बबी म्हणत. बबीला नाटक शिकायचं होतं, परदेशात. त्याचीही रीतसर सुनावणी झाली होती म्हणे. निकाल लागला, गेलीस तर हे घर तुझं नाही. ती गेली. न्यायमूर्तींनी घरात तिचं नाव घ्यायचं बंद केलं आणि सासूबाई स्वयंपाकघरातून हळू आवाजात तिला फोन करायच्या. मागच्या वर्षी ती आजारी पडली आणि गेली. तिकडच्या मैत्रिणीचा फोन आला तेव्हा तिकडचं सगळं उरकलेलं होतं. सासूबाई त्या दिवशी रडल्या नाहीत. त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि एकच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिल्या, शेवटी मी ते हातातून काढून घेतलं.

वर्ष होत आलं तेव्हा त्याच मैत्रिणीनं एक पुडकं पाठवलं. आत एक डीव्हीडी होती. बबीनं तिकडच्या एका सिनेमात काम केलं होतं, छोटंसंच, पण केलं होतं. सासूबाईंनी वेष्टन उलटसुलट करून पाहिलं. मागच्या बाजूला बारीक चित्रं होती, त्यात बबी नव्हती. "हलती-बोलती दिसेल ना गं यात?" त्यांनी मला विचारलं. लेकीला शेवटचं पाहिलं ते दारातून बॅग घेऊन उतरताना, पाठमोरं.

त्यात त्यांचे डोळे. डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की मोतीबिंदू असता तर काढला असता, हा आतला पडदा झिजतोय. दर गुरुवारी दुपारी इस्पितळात जाऊन औषध घालून घ्यायचं, त्यानं वेग कमी होईल, थांबणार नाही. "जे नीट बघायचं आहे ते बघून घ्या," तो म्हणाला होता, आणि आपण काहीतरी फार हळुवार बोललो अशा थाटात हसला होता.

डीव्हीडी आम्ही दुपारीच लावली. टीव्हीचा पडदा निळा झाला आणि त्यावर एक वाक्य आलं, की ही डिस्क या विभागात चालवता येत नाही. सासूबाईंनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पण आपण तर विभागात बसलोच नाही. घरात बसलोय."

मी कंपनीला फोन लावला. आधी बराच वेळ वाजंत्री ऐकवली, मग एक गोड आवाजाचा मुलगा आला. तो म्हणाला, मॅडम, हा सिनेमा तुमच्या विभागात प्रकाशित होईल तेव्हा तुम्ही तो जरूर घ्या. कधी होईल? ते ठरलेलं नाही. ठरेल का? ते सांगता येणार नाही. आमच्याकडे आहे तो बघायला काय करावं? त्यासाठी मॅडम, तुम्ही त्या विभागातला प्लेअर घ्यावा. तो इथे मिळतो का? नाही मॅडम, तो त्या विभागात मिळतो. आणखी काही सेवा? मी त्याला काय सेवा सुचवली ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी टेबलाशी सुनावणी झाली. मी उभी राहूनच बोलले. "बाबा, डिस्क आपली, प्लेअर आपला, टीव्ही आपला, आणि त्यातली मुलगीही आपली. मग कुलूप कोणाचं?"

"कंपनीचं," न्यायमूर्ती म्हणाले.

"आपल्या घरात येऊन कंपनी कुलूप लावते आणि ते काढलं तर चोर आपण?"

"प्रश्न चोरीचा नाही. प्रश्न कायद्याचा आहे. आणि या विषयावर मी निर्णय दिलेला आहे." त्यांनी डोळे मिटले. "ज्या घरात मी राहतो त्या घरात ते कुलूप उघडलं जाणार नाही."

सासूबाई इतकंच म्हणाल्या, "एकदा बघते आणि परत लावून ठेवू."

"एकदा आणि शंभरदा, कायद्याला सारखंच."

मी यांच्याकडे पाहिलं. हे पोळीचा तुकडा फार काळजीपूर्वक मोडत होते.

पण त्या बिचाऱ्या जिवालाही आईचं तोंड बघवलं नसावं. यांच्या दवाखान्यात एक कॉम्प्युटर होता, त्यावर बाहेर बसलेल्या मुलांना दात कसे घासावे याची डिस्क दाखवायचे. कॉम्प्युटरचा विभाग बदलता येतो. पण ठरावीक वेळाच, मग तो जिथे असेल तिथे कायमचा गोठतो. तसं पडद्यावर स्पष्ट लिहून येतं. यांनी पहिल्यांदा चुकीचा विभाग निवडला, कारण बायको भूगोल शिकवते हे यांना तेव्हा आठवलं नाही. मग परत पहिल्यावर आणला, कारण संध्याकाळी मुलांना दात घासणं दाखवायचं होतं. मग बरोबर विभाग लावला, सिनेमा सुरू झाला, हे हरखले, आणि सिनेमा बंद करून परत पहिल्यावर आणला, कारण पुन्हा दात घासणं. मग आईला आणण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा बरोबर विभाग लावून पाहिला. आणि पुन्हा पहिल्यावर आणला.

रविवारी दवाखाना बंद असतो. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, केस नीट करून गेल्या. यांनी त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची वर घेतली, मागे टेकवली, आणि बटण दाबलं. कॉम्प्युटरनं सांगितलं, आता बदल होणार नाही. यांनी पुन्हा दाबलं. सासूबाई त्या खुर्चीत, डोक्यावर तो दिवा, पाय अधांतरी, वाट बघत राहिल्या. शेवटी हे म्हणाले, "आई, दात बघून देऊ का आलीच आहेस तर?"

हे वाक्य मला यांनी स्वतः येऊन सांगितलं. आपण परिस्थिती किती छान सांभाळली अशा सुरात. मी त्या रात्री पाठ करून झोपले, आणि बरेच दिवस.

मग मी शेजारीपाजारी विचारून पाहिलं. मला पक्कं माहीत होतं की निम्म्या कॉलनीत कुलूप काढलेले प्लेअर आहेत. एका घरातून तर मी येताना बाहेरपर्यंत परदेशी मारामाऱ्यांचे आवाज ऐकले होते. पण जजसाहेबांची सून दारात उभी म्हटल्यावर प्रत्येकानं हात वर केले. "आमच्याकडे? छे हो! आम्ही असलं काही ठेवत नाही." एकानं तर मी बोलत असतानाच पायानं टीव्हीखालचं कपाट लोटून बंद केलं. शेपूट घालावं तर असं.

राहिला मेकॅनिक. तो मला बाजारामागच्या गल्लीत सापडला. आता मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. प्लेअर मी पिशवीत घालून नेला होता. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि खुर्चीत मागे रेलला. माणसाला असं रेलताना मी घरी रोज बघते, त्यामुळे पुढे काय येणार ते मला कळलं.

"बाई, मी वर जिंकलो, माहिती आहे का?" तो म्हणाला.

"वर कुठे?"

"वरच्या कोर्टात. साहेबांचा निकाल त्यांनी रद्द केला. म्हणाले, हे कुलूप नक्कल थांबवायला नाही, बाजार वाटून घ्यायला आहे. माणसानं आपली विकत घेतलेली डिस्क आपल्या प्लेअरवर बघितली तर कोणाचाही हक्क बुडत नाही. तेव्हा पेपरवाला फिरकला नाही. फोटो साहेबांचाच राहिला."

मला तिथंच बसावंसं वाटलं. "मग यात काही बेकायदा नाहीच?"

"नाही."

"मग द्या उघडून."

"नाही." तो हसला. "साहेबांनी यावं. स्वतः. प्लेअर काखेत मारून. इथे उभं राहून सांगावं, उघडून दे बाबा. फुकट करून देईन."

"बघायचंय ते त्यांच्या बायकोला. तिच्या मेलेल्या मुलीला. त्या बाईनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"माझ्या बायकोनं तरी साहेबांचं काय वाकडं केलं होतं? दुकानाला सील लागलं तेव्हा घरात कोण उपाशी राहिलं?"

खरं असेल. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही. न्यायमूर्तींनी याच्या पोटावर पाय दिला आणि आता हा तो राग एका म्हातारीवर काढत होता, आणि वर आपण फार मोठा माणूस असल्यासारखा हसत होता. दोन गडी आपापल्या मिजाशीत आणि मध्ये ती बाई. मी त्याला सांगितलं की तुम्ही आणि आमचे साहेब यांनी एकमेकांच्या घरी राहायला जावं, फार जमेल. पिशवी उचलली आणि आले.

त्या दिवशी मी सुनावणीची वाट पाहिली नाही. न्यायमूर्ती पेपर वाचत होते, सासूबाई कपड्यांच्या घड्या करत होत्या.

"बाबा, तुमचा निकाल वरच्या कोर्टानं रद्द केलाय."

पेपर खाली आला नाही. "मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे? कधीपासून?"

"झाला तेव्हापासून. असे निकाल मला कळवण्याची पद्धत असते."

सासूबाईंचे हात थांबले. मी म्हटलं, "म्हणजे कुलूप उघडायला कायद्याची काही हरकत नाही. नव्हतीच."

"वरचं कोर्ट वर आहे म्हणून बरोबर असतं असं नाही." आता पेपर खाली आला. "मी लोकांना एक सांगितलं आणि घरात दुसरं केलं, तर माझ्या शब्दाला काय अर्थ राहिला?"

"लोकांना कोण सांगायला जातंय?" सासूबाई म्हणाल्या.

"मला माहीत असेल ना. तत्त्व म्हणून काही असतं."

तत्त्व! पंख्याला तत्त्व, पडद्याला तत्त्व. मी पुष्कळ बोलले. ते सगळं ऐकून घेतलं गेलं, डोळे मिटले गेले, आणि निकाल कायम राहिला. इतके दिवस सासूबाई कायद्याला घाबरत होत्या, त्याच्यापुढे आपण काय करणार असं म्हणत होत्या. आता त्यांना कळलं की कायदा कधीच आड आला नव्हता. नवरा आला होता. त्यांनी हातातल्या शर्टाची घडी मोडली, पुन्हा घातली आणि डीव्हीडी उचलून टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवून दिली. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही.

माझी एक मैत्रीण परदेशात असते, तिला मी तिथला प्लेअर आणायला सांगितलं. ती सुट्टीत येणार होती, पण सुट्टीला अजून अवकाश होता. मध्येच एकदा सासूबाईंनी मला हाक मारली आणि विचारलं की भिंतीवरच्या फोटोत बबीनं कानात काही घातलंय का. घातलं होतं. मोठ्या रिंगा होत्या, दारातूनही दिसाव्यात इतक्या. मी सांगितलं आणि त्या "हो, हो, आठवलं" म्हणाल्या. त्यांना आठवलं होतं, दिसलं नव्हतं. तेव्हापासून मी सुट्टीपर्यंतचे आठवडे मोजायला घाबरत होते.

एका गुरुवारी आम्ही इस्पितळात गेलो तर डॉक्टरच आले नव्हते. खिडकीतल्या बाईनं कंटाळलेल्या तोंडानं पुढच्या गुरुवारी या म्हणून सांगितलं. आम्ही तशाच परत फिरलो. जिना चढताना सासूबाई माझ्या दंडाला धरून एकेक पायरी चाचपत येत होत्या. दारापाशी आलो, मी पर्समध्ये किल्ली शोधत होते, आणि त्यांनी माझा दंड एकदम घट्ट धरला.

आतून टीव्हीचा आवाज येत होता, बारीक केलेला. एक बाई बोलत होती, मला न कळणाऱ्या भाषेत. मग ती हसली.

"बबी," सासूबाई म्हणाल्या.

मी दार उघडलं. न्यायमूर्ती खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसले होते, गुडघ्यावर रिमोट. पडद्यावर एक शिंप्याचं दुकान होतं. गळ्यात टेप टाकलेली एक बाई एका माणसाच्या खांद्यांचं माप घेत होती, ओठांत टाचण्या धरून त्यातूनच त्याला काहीतरी सुनावत होती. फोटोतल्यापेक्षा मोठी, जाडसर, केस कापलेले. पण नाक सासूबाईंचं आणि सुनावण्याची ढब बापाची. न्यायमूर्तींनी घाईघाईनं रिमोट दाबला तर चित्र बंद व्हायच्या ऐवजी तिथंच थांबलं. ओठांत टाचण्या, भुवया वर.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मान्य. खोटं नव्हतं, चांगलं गालापर्यंत आलेलं होतं. मला त्यानं काही वाटलं नाही, उलट संतापच आला, की हेही यांनी एकट्यानं करून घेतलं.

"मी बघत होतो," ते म्हणाले, "लागतो का ते."

"कसा लागला?" मी विचारलं.

त्यांनी रिमोटकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या खटल्यात रिमोटची कुठली बटणं कशी दाबायची ते पुराव्यात आलं होतं. याच कंपनीचा प्लेअर होता. मीच लिहून घेतलं होतं साक्षीत." एवढं सांगतानाही आवाजात थोडी ऐट होतीच.

म्हणजे मी दारोदार भीक मागत फिरत होते आणि किल्ली रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होती.

"कधीपासून बघताय?" सासूबाईंनी विचारलं. त्या अजून दारातच होत्या.

"तू इस्पितळात जातेस तेव्हा."

"कधीपासून, विचारलं मी."

"डीव्हीडी आली त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारपासून."

सासूबाईंनी दाराच्या चौकटीला धरलं. "म्हणजे मी दवाखान्यातल्या त्या खुर्चीत बसून रिकामी परत आले, तेव्हा तुमचं बघून झालं होतं."

न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला.

"मला तत्त्व सांगितलंत, तेव्हाही."

"मी तिला घराबाहेर काढलं," न्यायमूर्ती म्हणाले. आवाज फुटला होता. "तुझ्यासमोर बसून कोणत्या तोंडानं बघू? तू माझ्याकडे बघत बसली असतीस."

"तुमच्याकडे?" सासूबाईंना खरोखरच आश्चर्य वाटलं. "इतक्या वर्षांनी पोर दिसतेय आणि मी तुमच्याकडे बघत बसले असते?"

आयुष्यभर लोकांकडून उत्तरं मागत आलेला माणूस रिमोट दोन्ही हातांत धरून बसला होता. मला वाटलं, आता सासूबाई विरघळतील. आमच्या घरात नेहमी त्याच विरघळत आल्या होत्या, आणि मी आधीच चिडून तयार होते.

"उठा," त्या म्हणाल्या.

ते उठले. सासूबाई चाचपत आल्या, खुर्ची आणखी पुढे ओढली, इतकी की गुडघे टीव्हीच्या कपाटाला लागले, आणि बसल्या. पडद्यावर हात ठेवला. बबीच्या गालावर ठेवायचा होता, तो त्या माणसाच्या कोटावर पडला. मी तो धरून सरकवला.

"सुरुवातीपासून लाव गं," त्या मला म्हणाल्या.

मी न्यायमूर्तींच्या हातातून रिमोट घेतला. ते भिंतीजवळची दुसरी खुर्ची ओढायला लागले.

"तुम्ही नाही," सासूबाई वळूनही न बघता म्हणाल्या. "तुमचं झालंय बघून. बाहेर थांबा. आणि दार लोटून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय कायदा सांगणार होते? ते बाहेर गेले आणि दार लोटलं, पण पूर्ण लागू दिलं नाही.

सिनेमा सुरू झाला. सासूबाई मान किंचित तिरकी करून, डोळ्याच्या ज्या कोपऱ्यातून अजून दिसत होतं त्या कोपऱ्यातून बघत होत्या. कोणी बाई पडद्यावर आली की विचारायच्या, "ही?" मी म्हणायचे, "नाही, अजून नाही." रस्ते आले, कोणाचं तरी भांडण आलं, एक लांबलचक गाडी आली. मला भाषा कळत नव्हती आणि कथाही कळत नव्हती. त्यांचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते.

मग फटीतून न्यायमूर्तींचा आवाज आला. हळू, अजिजीचा. तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"आता येईल. तो करडा कोट घातलेला माणूस दुकानात शिरला की डावीकडून येते. डावीकडे बघ. आधी नुसता हात दिसतो, मग—"

"आवाज वाढव गं," सासूबाई म्हणाल्या.

मी वाढवला.